वांग्याचं बी

आमच्या दुकानातून निघताना गिऱ्हाइकानं ‘जातो’ म्हणायचं, ‘येतो’ नाही. घरात कुणी ‘जातो’ म्हटलं तर आपण लगेच ‘येतो म्हण’ म्हणून दटावतो, पण टोपी बाजारातल्या आमच्या दुकानात रीत उलटी. जिथं नजर काढायचं, बाधा उतरवायचं, गंडेदोरे करायचं सामान मिळतं, तिथं परत यायची पाळी कुणावर येऊ नये म्हणून. आम्हीही कुणाला ‘या’ म्हणत नाही. सामान हातात देत नाही, फळीवर ठेवतो, घेणाऱ्यानं उचलायचं. घासाघीस नाही. आणि कशासाठी हवंय ते विचारायचं नाही. माझा भाऊ भालचंद्र, ज्याला सगळे भालदादा म्हणतात, तो चाळीस वर्षं त्या फळीमागं बसला आणि त्यानं एकदाही कुणाला ‘काय झालंय’ म्हणून विचारलं नाही.

मी त्याची धाकटी बहीण, सरोजिनी. एकोणतिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आले, तेव्हापासून त्या दुकानात पुड्या बांधतेय. सदतीस वर्षं झाली. मी तापट आहे. राग माझ्या नाकावर असतो आणि एकदा आला की आठ-आठ दिवस उतरत नाही, हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी ‘नशिबाचा फेरा हो’ म्हणून माझी समजूत काढायला नको. नशीबबिशीब काही नाही. जे झालं ते माझ्यामुळं झालं.

आमचे पणजोबा दक्षिणेतून इकडं उत्तरेत आले ते इथल्या मराठा दरबारच्या देवघरात पूजा करायला. दरबार गेला, देवघर गेलं, आजोबांनी पूजेच्या सामानाचं दुकान घातलं. कापूर, उदबत्ती, जानवी, पंचांग. पुढं हे सगळं कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडं मिळायला लागलं, तेव्हा आमच्याकडं उरलं ते कुणी उघड्यावर विकत नाही ते. काळी हळद, भोजपत्र, गोमती चक्र, तांब्याच्या पत्र्यावरची यंत्रं, लोबान, बिब्बे, काळ्या बाहुल्या. मुरारपासून भिंडपर्यंतचे भगत आपल्याकडं आलेल्या माणसांना चिठ्ठी लिहून द्यायचे आणि माणसं ती चिठ्ठी घेऊन आमच्याकडं यायची. दादा चिठ्ठी वाचायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचा, ‘‘सरू, बांध.’’

चिठ्ठी वाचली की त्याला त्या घरातलं सगळं कळायचं. दुकान वाढवून आम्ही बाड्याच्या चौकातून चालत घरी निघालो की तो सांगायचा, ‘‘आज तीन घरांत भाऊबंदकी, एका घरात मूल होत नाही, आणि एका म्हाताऱ्याला मरण येत नाही.’’ मग घर येईपर्यंत गप्प. मी काहीतरी बडबडायची, त्याला हसवायला बघायची, पण तो काही केल्या हसायचा नाही. दिवसभर लोकांची दुःखं कागदात बांधून द्यायची, हा काय धंदा आहे? पण दुसरं येत काय होतं आम्हाला! विश्वास तर त्याचा यातल्या कशावरच नव्हता. घरात काळा दोरासुद्धा आणू द्यायचा नाही. वहिनीला दमा होता, तिला तो थेट डॉक्टरकडं न्यायचा, आणि ती गेली तेव्हा बाजारातले लोक म्हणाले, बघा, एवढं सामान दुकानात आणि बायकोसाठी एक लिंबू उतरवलं नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. काही भगत चिठ्ठीत धोत्र्याचं बी लिहायचे. बाधा झालेल्याला ते दुधातून द्यायचं, म्हणजे अंगात जे शिरलंय ते बोलायला लागतं म्हणे. बोलणारच! धोत्रा पोटात गेल्यावर माणूस बरळणार नाही तर काय करणार? मी माहेरी यायच्या आधी दादानं एका माणसाला ते द्यायला साफ नकार दिला होता. माझ्याकडं नाही, आणि तुम्हीही देऊ नका, विष आहे ते, असं तोंडावर सांगितलं. त्या माणसानं चिठ्ठी उचलली आणि पुढच्या गल्लीतल्या दुकानात गेला. चार दिवसांनी त्याच्या बहिणीची तिरडी आमच्या दुकानावरून गेली. दादा ती तिरडी कधी विसरला नाही. त्यानंतर त्यानं कुणालाच ‘नाही’ म्हटलं नाही.

मी आले त्या वर्षी एका सकाळी तो म्हणाला, ‘‘सरू, बियाणंवाल्याकडून पावशेर वांग्याचं बी आण.’’ मला वाटलं, याला बागबगीचा सुचलाय. आमच्या घरामागं जागा ती केवढी, हातभर! म्हटलं, भरीत खावंसं वाटतंय तर मंडईतून वांगी आणते की. तो हसला नाही. त्यानं मला तवा ठेवायला लावला, बी मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत भाजायला लावलं आणि धोत्र्याच्या बरणीत भरलं. ‘‘आजपासून आपलं धोत्र्याचं बी म्हणजे हे,’’ म्हणाला. ‘‘कुणाला सांगायचं नाही. तुझ्या वहिनीलाही नाही. ज्या दिवशी हे फुटेल त्या दिवशी लोक पुढच्या दुकानात जातील, आणि तिथं खरं मिळेल.’’

तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी मी वांग्याचं बी भाजत आले. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू? सगळा बाजार आम्हाला भुताटकीवाले म्हणायचा. लग्नाला बोलवायचे ते पण नाइलाजानं, आणि सवाष्णींच्या पंगतीपासून मला लांब बसवायचे. मी मनात म्हणायची, म्हणा काय म्हणायचं ते. आम्ही किती जीव वाचवलेत ते तुम्हाला काय ठाऊक.

विजयाबाई तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आल्या. जुनं मराठा घराणं, पूर्वी फौजेतलं. मुलगा हेमेंद्र सिटी सेंटरला गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला. डोक्यावरचा पदर जरासुद्धा ढळू न देणारी बाई. चिठ्ठीत धोत्र्याचं बी लिहिलेलं, दर अमावास्येला, दुधातून. बरोबर सून होती, शिखा. तेवीस-चोवीस वर्षांची, माहेर इंदूरचं. ती आत आलीच नाही, बाहेरच्या पायरीवर बसून आपल्याच हाताची बोटं मोजत राहिली. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, तेव्हापासून ती बोलेनाशी झाली होती, झोपेनाशी झाली होती, मध्येच एकटीच हसायची. हे सगळं विजयाबाईंनी आम्ही न विचारता सांगितलं. ‘‘बाहेरचं लागलंय हो तिला. आमच्या खानदानात असं कधी झालं नाही.’’

दादानं खूण केली, मी पुडी बांधली. तेवढ्यात तो उठून पायरीवर गेला आणि त्यानं शिखाला पाणी दिलं. तिनं पेला दोन्ही हातांनी धरला, एक घोट घेतला आणि म्हणाली, ‘‘काका, किती थंड आहे.’’ एवढंच. घरी जाताना दादा म्हणाला, ‘‘त्या पोरीला काही लागलेलं नाही. तिचं मूल गेलंय आणि तिला कुणी रडू देत नाहीये.’’

मग दर अमावास्येला विजयाबाई यायच्या आणि आम्ही त्यांना वांग्याचं बी द्यायचो. छत्तीस पुड्या तरी झाल्या असतील. दादा म्हणायचा, ‘‘त्या आपल्याकडून नेतायत तोवर पोरीला धक्का नाही. दुकान उघडं राहिलं पाहिजे सरू, बाकी काही नको.’’ एकदा तर एकशे दोन ताप असताना तो अमावास्येला दुकानात जाऊन बसला. मी खूप बोलले त्याला. ऐकलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर दादाला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात हलतो, कानावर पडलेलं सगळं समजतं, पण तोंडातून ‘आं’ सोडून काही निघत नाही. दुकान दीड महिना बंद राहिलं. मधे एक अमावास्या आली तेव्हा मी एकटीनं जाऊन कुलूप काढलं, विजयाबाईंना पुडी दिली आणि कुलूप लावून घरी आले. दादा दाराकडं डोळे लावून पडला होता. मी म्हटलं, दिली. तेव्हा कुठं त्यानं डोळे मिटले.

मग विहंग आला. दादाचा एकुलता एक. गुडगावच्या कंपनीत होता, तिथून त्याला काढलं होतं, पण हे त्यानं आम्हाला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. पोरगा वाईट नाही. उलट फार सरळ आहे. बापाला उचलून न्हाऊ घालायचा, त्याची नखं कापायचा. पण दुकानात पाऊल टाकलं आणि लागला सगळं उलटंपालटं करायला. भिंती पांढऱ्या केल्या, काचेची कपाटं आणली, मोबाईलवर ऑर्डरी घ्यायला लागला. पिशव्या छापून आणल्या, त्यांच्यावर काय? ‘फिर पधारें’! मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, मेल्या, हे काय मिठाईचं दुकान आहे? तो हसून म्हणाला, ‘‘आत्या, जमाना बदल गया है. लोकांना ना, असली चीज पाहिजे. आपला माल प्युअर आहे, बस, इसी पे दुकान चलेगी.’’

एका दुपारी तो एकेक बरणी घेऊन आतला माल मोबाईलवरच्या फोटोंशी ताडून बघत बसला होता. धोत्र्याच्या बरणीपाशी अडला. चिमूटभर बी तळहातावर घेतलं, वास घेतला, दाताखाली धरलं. ‘‘आत्या, हे धोत्र्याचं नाहीये. वांग्याचं आहे बहुतेक. ये तो नकली है. असं कसं?’’

मी पुड्या बांधत होते. खरं तर तेव्हाच मी सांगणार होते. शब्द तोंडाशी आले होते, शपथ घेऊन सांगते. तेवढ्यात तो म्हणाला, ‘‘मतलब पापा लोगों को ठगते थे. चाळीस वर्षं. आणि तू बांधून देत होतीस.’’

ठग! माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसानं लोकांच्या पोरी वाचवण्यासाठी जन्म घालवला त्याला त्याचाच पोरगा ठग म्हणतो, आणि मला त्याच्या टोळीतली. मी हातातलं दोऱ्याचं रीळ भिंतीवर फेकलं आणि म्हटलं, ‘‘विचार तुझ्या बापाला.’’

ज्याला वाचा नाही त्याला विचार म्हटलं मी. त्याला बोलता येत नाही हे मला माहीत होतं. म्हणूनच म्हटलं.

आणि पोरगा खरंच गेला हो विचारायला. बरणी घेऊन घरी आला आणि बापाच्या डोळ्यांपुढं धरली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. ‘‘पापा, हे फेकू ना? मी असली मागवतो.’’ दादानं डावा हात उचलला आणि बरणी आपल्या छातीशी ओढायला लागला. आं, आं करत होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. बोल, असं म्हणत होता तो मला. मला अगदी स्वच्छ कळलं होतं. विहंगला वाटलं, बापाला लाज वाटतेय. त्यानं हलक्या हातानं बरणी सोडवून घेतली, बापाचे डोळे पुसले आणि म्हणाला, ‘‘कोई बात नहीं, पापा. मी कुणाला नाही सांगणार.’’

मी आत जाऊन पोळ्या लाटल्या. विहंगशी बोलणं मी टाकलंच होतं. म्हटलं, येईल माफी मागायला, तेव्हा सांगीन सगळं, जरा डोळे उघडतील. अमावास्येला अजून नऊ दिवस होते. नऊच्या नऊ दिवस मी त्याच्या तोंडाकडं बघत होते आणि त्याला पत्ताच नाही की आत्या रुसलीय. आत्या गप्प आहे म्हणजे थकली असेल, असं समजून त्यानं माझ्यासाठी गुडघ्याला लावायचं तेल आणलं. तेही मी तसंच कोनाड्यात ठेवून दिलं.

आपली पौष अमावास्या म्हणजे इकडची मौनी अमावास्या. त्या दिवशी कितीतरी लोक दिवसभर तोंड उघडत नाहीत. मीही लग्नाआधीपासून हे मौन पाळते, जवळ पाटी-पेन्सिल ठेवते, काही लागलं तर लिहून दाखवते. या वर्षी बरंच झालं म्हटलं, नाहीतरी बोलायचं नव्हतंच. सकाळी दहाला दुकानात जाऊन बसले. काचेच्या कपाटात नवी बरणी होती. बी काळपट, चपटं. साडेअकराला विजयाबाई आल्या.

मी सगळं बघितलं. विहंगनं बरणीत चमचा घातला, कागदावर बी ओतलं, पुडी बांधली. विजयाबाई म्हणाल्या, ‘‘या वेळी रंग निराळा दिसतोय.’’ विहंग म्हणाला, ‘‘काकू, या वेळी एकदम असली आहे.’’ आणि त्यानं पुडी फळीवर ठेवलीसुद्धा नाही, सरळ त्यांच्या हातात दिली.

पाटी माझ्या मांडीवर होती. तासाभरापूर्वीच मी तिच्यावर ‘चहात साखर कमी’ असं लिहून विहंगला दाखवलं होतं. मला लिहिता आलं असतं. ओरडता आलं असतं. एका दिवसाचं मौन मोडलं असतं तर कुठला देव माझ्यावर कोपणार होता? मी मनाशी म्हटलं, मौन आहे. मनाशी म्हटलं, दूध रात्रीच देत असतील, दिवेलागणीला मौन सुटलं की स्वतः जाऊन पुडी बदलून देईन. या सगळ्या सबबी. खरं एवढंच की मला त्याची जिरवायची होती. पोरीला थोडी चक्कर यावी, उलटी व्हावी, विजयाबाईंनी येऊन दुकानात तमाशा करावा आणि विहंगनं माझ्याकडं धावत यावं, आत्या, मी चुकलो म्हणत. असं माझ्या मनात होतं. सांगताना जीभ जड होते, पण होतं.

दिवेलागणीला मी ई-रिक्षा करून विजयाबाईंच्या दारात पोचले. कुलूप. शेजारच्या बाईनं सांगितलं, ‘‘बहू को दोपहर में अस्पताल ले गए. कपड़े फाड़ रही थी, किसी को पहचान नहीं रही थी.’’ मी तिथंच त्यांच्या ओट्यावर बसले.

शिखा सहा दिवस दवाखान्यात होती. वाचली. डॉक्टरांनी सांगितलं, धोत्रा. पोलीस आमच्या दुकानात आले, बरणी बघितली, सह्या घेतल्या. विहंगचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण आम्हाला वाचवलं ते विजयाबाईंनीच. त्यांनी जबानी दिली, याच दुकानातली हीच पुडी तीन वर्षं देतोय, दर अमावास्येला चिमूटभर, कधी काही झालं नाही. मग याच वेळी कसं होईल? पोरीनंच कुठून तरी जास्तीचं मिळवून खाल्लं, जीव द्यायला. झालं! पोलिसांना पटलं, हेमेंद्रला पटलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना पटलं. शिखाला त्या दिवसातलं काही आठवत नव्हतं, त्यामुळं तिला पटवणंही अवघड गेलं नाही. दवाखान्यातून तिला परस्पर वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं आणि हेमेंद्रच्या वकिलानं घटस्फोटाचे कागद करायला घेतले. जीव द्यायला निघालेल्या वेड्या बायकोबरोबर संसार कसा करायचा, म्हणे.

‘‘बच गए, आत्या,’’ विहंग मला म्हणाला. भर दुपार होती, दुकानात आम्ही दोघंच.

तेव्हा मी त्याला सांगितलं. तिरडीपासून पाटीपर्यंत, काही म्हणता काही लपवलं नाही. तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, ‘‘तू यहीं बैठी थी. तू बघत होतीस.’’ मी हो म्हटलं. ‘‘मी विचारलं होतं ना गं तुला, आत्या.’’ आणि तो रडायला लागला. आई गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. मला त्याच्या पाठीवर हात ठेवायचा धीर झाला नाही.

त्यानंतर आम्ही काय केलं विचाराल, तर काही नाही. विहंग दोनदा म्हणाला, ठाण्यात जाऊन खरं सांगून येतो. दोन्ही वेळा मी त्याला अडवलं. म्हटलं, तू आत गेलास तर तुझ्या बापाला उचलणार कोण? माझ्यानं तो उचलत नाही. पोरगी जगली आहे ना, मग झालं. असं मी म्हटलं, या तोंडानं. महिना गेला. पुढची अमावास्या आली, तेव्हा दादानं पलंगावरून माझ्याकडं बघून डाव्या हाताची बोटं जुळवली, पुडी बांधतात तशी. दिली का, विचारत होता. मी विहंगला केव्हाच सगळं सांगितलं असणार अशी त्याची समजूत होती, आणि दवाखान्याचं आम्ही त्याला कळू दिलं नव्हतं. मी मान हलवली. दिली. तो समाधानानं कुशीवर वळला आणि मी न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

चार दिवसांनी मंदाताई दुकानात आल्या. शिखाची आई. इंदूरला शाळेत शिकवतात, नवरा नाही, हीच एक मुलगी. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. बाहेर चपला काढून आत आल्या आणि ‘‘बसू का?’’ म्हणाल्या. आमच्या दुकानात असं विचारून कुणी कधी बसलं नव्हतं. मी माझा पाट पुढं केला.

त्या म्हणाल्या, तीन वर्षं फोन केला की सासरचे सांगायचे, शिखा झोपलीय, शिखा बाहेर गेलीय, शिखा मजेत आहे. दोनदा भेटायला आल्या तर तासाभरात चहा पाजून वाटेला लावलं. आता ती इस्पितळात त्यांचा हात धरून बसते. ‘‘आधी म्हणते, आई, मी काही खाल्लं नाही. मग म्हणते, सगळे सांगतायत तर खाल्लं असेल. मला एवढंच सांगा, तुमच्या पुडीनं कधी कुणाला काही झालंय का? नसेल झालं तर मी मानीन की तिनं स्वतःच घेतलं. मग तिला विचारून विचारून मी आणखी छळणार नाही.’’

विहंग माझ्याकडं बघत होता. ‘नाही हो, कधी काही झालं नाही,’ एवढं म्हटलं असतं की संपलं होतं. बाई उठून गेली असती, पोरगी वेडी ठरली असती आणि आमचं घर राहिलं असतं. मी म्हणणारही होते. पण त्यांच्या पिशवीतून एक कंगवा आणि लाल रिबीन डोकावत होती. एवढ्या मोठ्या मुलीची वेणी घालायला जात होत्या त्या तिथं.

‘‘तिनं काही खाल्लं नाही, मंदाताई,’’ मी म्हटलं. ‘‘तिला आम्ही दिलं.’’

मग सगळं सांगितलं. वांग्याचं बी, भालदादा, छत्तीस पुड्या, नवी बरणी, माझं मौन. मला वाटलं होतं, दादाबद्दल सांगताना तरी त्यांचा चेहरा जरा सैल होईल. झाला नाही. विहंगनं कपाटाला कुलूप लावलं, दिवे बंद केले आणि म्हणाला, ‘‘चलिए आंटी. मी ठाण्यात लिहून देतो. दुकान मेरे हाथ में था.’’ मी त्याला अडवलं नाही. मंदाताई मात्र लगेच उठल्या नाहीत. आता या रडतील, नाहीतर मला मारतील, असं मला वाटलं. मारावं असंच वाटत होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, ‘‘तीन वर्षं तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘हो. पण आम्ही तर खोटं बी...’’

‘‘ते ऐकलं मी. दर महिन्याला ते माझ्या पोरीला धोत्रा समजून पाजतायत, हे तुम्हा दोघा भावाबहिणींना माहीत होतं. दर महिन्याला तुम्ही तवा ठेवलात, बी भाजलंत, पुडी बांधलीत. एवढं सगळं केलंत. मला एक पत्र टाकलं असतं, नुसता एक फोन केला असता, तर मी त्याच रात्रीच्या गाडीनं येऊन तिला घेऊन गेले असते. का नाही केलात?’’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. विहंग दारात उभा होता, तोही माझ्या उत्तराची वाट बघत होता. खरंच सांगते, हे आमच्या दोघांच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.